एका बटणाची चार नावं

बंडोपंत सरांनी देवळीच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. एका परिच्छेदात तोच शब्द दोनदा आला की त्याभोवती लाल गोल आणि अर्धा गुण गुल. 'सूर्य उगवला' लिहिलं की पुढच्या ओळीत त्यानं 'भास्कर' व्हायचं, त्याच्या पुढच्या ओळीत 'दिनकर'. माझ्या निबंधात तो तिन्ही ओळींत सूर्यच राहिला, म्हणून मी आज कापूस संस्थेचा सचिव आहे, साहित्यिक नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

यंदा संस्थेनं मोबाइलवर ॲप काढलं. शेतकऱ्यानं त्यात माहिती भरायची, नंबर घ्यायचा आणि ठरल्या दिवशी कापसाची गाडी आणायची. रांगेची कटकट संपणार, असं मी सभेत छाती पुढे काढून सांगितलं. ॲप केलं सरांच्या पुतण्यानं, नागपूरच्या निशांतनं. ते कसं वापरायचं याची पुस्तिका लिहायला सरांशिवाय आहे कोण, असं सगळे म्हणाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो.

पुस्तिका सोळा पानांची झाली. शुद्धलेखनाची चूक औषधालाही नाही. पण भरलेली माहिती पक्की करायचं जे बटण होतं, ज्यावर प्रत्येक वेळी 'जतन करा' एवढंच लिहिलेलं होतं, ते पुस्तिकेत तिसऱ्या पानावर 'जतन करा', पाचव्यावर 'सुरक्षित ठेवा', आठव्यावर 'साठवण करा' आणि अकराव्यावर चक्क 'माहिती चिरस्थायी करा' झालं होतं.

दोन दिवसांत माझा फोन तापला. तानबा म्हणाला, "साठवणचं बटन माह्या फोनात आलंच नाई, मले जुना फोन टिकवला त्या दुकानवाल्यानं." चंद्रभाननं 'सुरक्षित ठेवा' वाचून फोन कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि दोन दिवस नंबर यायची वाट पाहिली. दोघं तर वर्ध्याच्या मोबाइल दुकानात गेले, बटण बसवून मागायला. दुकानदारानं त्यांना मलाच फोन लावून दिला. मग मी संस्थेत ठाण मांडून एकेकाचा फोन हातात घेऊन नोंदणी करत बसलो. रांग संपणार होती ना, ती माझ्याच टेबलासमोर लागली.

मी सरांकडे गेलो. "सर, त्या बटनाचं एकच नाव ठेवा ना सगळीकडे."

"सोळा पानांत बारा वेळा 'जतन करा'? वाचणाऱ्याला काय वाटेल?"

"त्याले बटन सापडंल, सर."

"तुझी भाषा शाळेतही अशीच कोरडी होती," सर म्हणाले.

निशांतनं फोनवरून समजावलं, "काका, पडद्यावर जे लिहिलंय तेच पुस्तिकेत लिहायचं असते."

"मग पडदा बदल," सरांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

माझ्या टेबलाशी न आलेली एकच बाई, वच्छलाबाई. वय बासष्ट. दोन वर्षांपूर्वी सरांच्याच रविवारच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या. तेव्हापासून दुकानांच्या पाट्या, एसटीचे फलक, लग्नपत्रिकेतले मामा-काका, काही सोडत नाहीत, सगळं मोठ्यानं वाचतात. यंदा आपल्या कापसाचा नंबर आपणच वाचून घेणार, निकेशला, म्हणजे मुलाला, फोनला हात लावू देणार नाही, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. नोंदणीची मुदत शनिवारी पाचपर्यंत होती.

शनिवारी तीन वाजता मी पुन्हा भांडायला सरांकडे गेलो, तर वच्छलाबाई तिथे बसलेल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पाचव्या पानावर उघडी पुस्तिका.

"सर, निकेशलेच देऊन टाकतो हा फोन," त्या म्हणत होत्या. "तुमी येवढं शिकवलं, पण मले वाचणं आलंच नाई. चार दिवस झाले, 'सुरक्षित ठेवा' शोधून राह्यली. साऱ्याइले सापडलं असन, मलेच दिसत नाई."

मला सरांचा असा संताप आला की बोलायला तोंड उघडलं होतं. पण सरांनी चष्मा चढवला. "बघू," म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. एक बोट पुस्तिकेतल्या 'सुरक्षित ठेवा'वर ठेवून दुसऱ्या बोटानं पडद्यावर शोधू लागले. वर गेले, खाली आले. चष्मा पुसला. पुन्हा वर गेले. स्वतः लिहिलेलं बटण त्यांना स्वतःला सापडेना. दहा मिनिटं हे चाललं. मी बघत बसलो. असं सुख माणसाच्या वाट्याला रोज येत नाही.

शेवटी सरांनी पुस्तिका मिटली. "वच्छलाबाई, हे राहू द्या. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा."

"ज... त... न. जतन करा."

"दाबा."

त्यांनी दाबलं. पुढचा पडदा आला, त्यावर त्यांनी सरांकडे न बघता पुन्हा तेच दाबलं. त्याच्या पुढेही तेच. नंबर आला. एकशे सात, मंगळवार. तोही त्यांनी मोठ्यानं वाचला. मला वाटलं, आता हसतील. पण त्या सरांकडे बघतच राहिल्या.

"हे तं मले पयल्या दिवशीच वाचता आलं होतं, सर. पुस्तकात नाई म्हणून दाबलं नाई."

सर खाली बघत म्हणाले, "तुम्ही बरोबर वाचलंत. पुस्तक मी चुकीचं लिहिलं."

बाईंचा त्यावर विश्वास बसेना. त्या एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघू लागल्या.

"म्हणजे मले वाचता येते?"

सरांच्या आधी मीच हो म्हणालो.