जुन्यापासून सुरुवात

नारायणगावच्या बाजारपेठेत शेठकाकांइतकी गिऱ्हाइकं कुणी घालवली नसतील आणि शेठकाकांइतक्या मुली कुणी नापास केल्या नसतील. दोन्ही गोष्टी मी स्वानुभवाने सांगते, कारण त्यांच्या कापडदुकानात माझी आई वर्षानुवर्षं लुगडी घेत होती आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर मी गाणं शिकत होते. त्यांचे आजोबा राजस्थानातून व्यापार घेऊन इकडे आले, नातवापर्यंत येताना मात्र तो वाटेत कुठेतरी सांडला असावा. कुणी साडी मागितली की हे सगळ्यात जुना माल आधी काढत. "शेठ, नवं दावा की वो," म्हणून बायका वैतागायच्या, तर हे शांतपणे म्हणायचे, "दाखवतो ना. पण आधी हे बघा, म्हणजे नवं कशावरून आलं ते कळेल." तोवर बाईने समोरच्या दुकानात जाऊन साडी बांधून घेतलेली असे, आणि शेठकाका त्या जुन्या पोतावरून हात फिरवत बसलेले असत.

त्यांचा खरा जीव होता संगीतावरच्या जुन्या ग्रंथांवर. कुठून कुठून जमवलेली, पिवळी पडलेली पुस्तकं माळ्यावरच्या लाकडी कपाटात मांजरपाटात बांधून ठेवलेली असत. पान उलटताना कुणी बोटाला थुंकी लावली तर त्या दिवशी तिची शिकवणी संपली. "ज्ञानाला उष्टं लावतेस?" एवढंच म्हणत आणि जिन्याकडे बोट दाखवत. दिवाळीनंतर ज्ञानपंचमीला जैन घरांत पुस्तकांची पूजा होते. त्या दिवशी धर्माच्या पोथ्यांशेजारी ते रागांचे ग्रंथही पाटावर मांडत. काकू दरवर्षी भडकायच्या. "देवाच्या पोथीशेजारी गाणंबजावणं मांडायचं का?" यावर काका म्हणायचे, "तू पोथी वाचतेस का? नाही ना. मग दोन्ही सारखीच आहेत की तुला." काकू दिवसभर बोलत नसत, आणि काका त्याला शुभ मुहूर्त मानत.

अशा माणसाने क्लास काढला ही आमची साडेसाती. आळे गावाहून जीपला लोंबकळत मी तिथे जायची ते पेटी वाजवायला, आणि हे महिनोन् महिने पेटीचं झाकणही उघडू देत नसत. आधी ग्रंथ. कोमल, तीव्र, श्रुती, कुणी कुणाला खोडून काढलं, कुणी कुणाची पानंच्या पानं उचलली. सूर्य कलायला लागला की त्यांची जेवणाची घाई सुरू होई, कारण अंधार पडल्यावर ते अन्न घेत नसत. पण तशा घाईतही प्रत्येकीला जिन्यात अडवून विचारायचे, "आज कुठं अडलीस?" सगळं समजलं असं सांगणारीला परत वर पाठवत. "गाईड उत्तर देतं," ते म्हणायचे, "आणि ग्रंथ भांडायला लावतो. आज जे पक्कं वाटतं ना, ते कुणीतरी भांडून ठरवलंय. ते भांडण माहीत नसेल तर तू गाणार कसली, नुसती बडबडणार."

एसटी स्टँडजवळ तेव्हा नवा कीबोर्ड क्लास निघाला होता. तिथे बटण दाबलं की ठेका आपोआप सुरू व्हायचा आणि पहिल्याच आठवड्यात पोरं सिनेमातलं गाणं वाजवून आईबापांना खूश करायची. आमच्यातल्या बऱ्याचजणी तिकडे पळाल्या. आम्ही चौघी राहिलो. बाकीच्या का राहिल्या मला माहीत नाही. मी राहिले कारण मला शाळेत संगीतशिक्षिका व्हायचं होतं, त्यासाठी परीक्षेचं सर्टिफिकेट लागणार होतं, आणि आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, साफ सांगितलं होतं की पास झालीस तर पुढं शीक, न्हाईतर टोमॅटोच्या तोडणीला माणूस कमी हाय.

लेखी पेपरात आला तोडी राग. त्याचे स्वर आणि माहिती लिहा, एवढाच प्रश्न. कुठल्याही गाईडात त्याचं उत्तर चार ओळींचं होतं. पण काकांनी आमच्या हाडीमांसी खिळवलं होतं की उत्तर जुन्यापासून सुरू करायचं. जुन्या ग्रंथांत तोडी म्हणून जे स्वर दिलेत ते आजच्या भैरवीचे आहेत, हे त्यांनी आम्हाला पानं दाखवून, वाद घालून, गाऊन शिकवलं होतं. आम्ही चौघींनी तिथून सुरुवात केली. पुरवणीवर पुरवणी घेतली. एक ग्रंथ झाला, त्याला खोडणारा दुसरा झाला, आणि आजच्या तोडीपर्यंत पोचायच्या आत घंटा झाली. परीक्षकाने पहिल्याच ओळीत चुकीचे स्वर पाहिले असणार आणि पुढचं वाचायचे कष्ट घेतले नसणार. चौघीही नापास.

दादा थेट दुकानात आले. मी मागे उभी होते. शेठकाकांनी सवयीने जुनं थान काढायला हात वर नेला, तेवढ्यात दादा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या शेठ. तुमची पुस्तकं लई थोर असतील, आमाला काय त्यातलं कळत न्हाई. पण पेपर काय पुस्तकानं तपासला व्हता का? पोरीचं वरीस गेलं ना राव." काकांनी वर नेलेला हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी जुन्या तोडीचा तो ग्रंथ मांजरपाटात बांधून, मांडीवर घेऊन, ते एसटीने पुण्याला परीक्षा घेणाऱ्यांच्या कचेरीत गेले. संध्याकाळी परत आले ते जेवलेच नाहीत, कारण सूर्य मावळून गेला होता. मी विचारलं, काय म्हणाले? "म्हणाले, पुस्तक फार जुनं आहे, अभ्यासक्रमात नाही. उघडलंसुद्धा नाही त्यांनी." मग म्हणाले, "बरंच झालं. साहेब बोटाला थुंकी लावून कागद उलटत होते."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता आणि त्या साहेबांचाही. काकांवरचा कधीच ओसरला. साहेबांवरचा अजून आहे. क्लास बंद पडला. आईने दादांच्या मागे लागून मला आणखी एक संधी मिळवून दिली. मी गाईड घोकलं, चार ओळींचं उत्तर चार ओळींतच लिहिलं आणि चांगल्या गुणांनी पास झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "तोडी कोणती लिहिलीस?" म्हटलं, "त्यांना हवी ती." ते म्हणाले, "शहाणी झालीस." हे कौतुक नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी पेढा खाल्ला, हात धुतले, कोरडे केले आणि कपाट उघडून म्हणाले, "आता परीक्षा संपली ना? मग बस. राहिलेली तोडी पुरी करू." आणि त्या दुपारी, गिऱ्हाइकं खाली खोळंबलेली असताना, आम्ही जुन्या तोडीवरून आजच्या तोडीपर्यंत येऊन पोचलो. इतकं सुख मला त्या सर्टिफिकेटाने दिलं नाही.

पुढे मला आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेत नोकरी लागली. काका गेले. मुलांनी दुकानाचं रेडिमेड केलं, तिथे आता फक्त नवं मिळतं. माळा रिकामा करताना थोरल्याचा फोन आला, "ताई, बाबांचं ते गाण्याचं सगळं तुम्ही घेऊन जाता का? आम्हाला काही त्यातलं कळत नाही." मी जीप करून घेऊन आले. दिवाळीनंतर पंचमीला मीही ती पुस्तकं पाटावर मांडते. आमच्यात ही रीत नाही, त्यामुळे सासूबाई बोलतात. मी त्यांना काही उलट बोलत नाही, काकांएवढी हिंमत माझ्यात नाही.

शाळेत माझ्या टेबलावर त्यातलं एक पुस्तक उघडं असतं. मुली हुशार आहेत. पेपरात काय येणार हे त्यांना माझ्याआधी ठाऊक असतं, आणि माझा निकाल तालुक्यात नावाजला जातो. तास सुटला की मी दारात उभी राहते आणि एकेकीला विचारते, "आज कुठं अडलीस?"

"कुठंच नाही, मॅडम," त्या हसून सांगतात आणि पळतात. त्यांना परत वर्गात बोलवायला माझं तोंड उघडतं. पण तोवर त्या फाटकाबाहेर गेलेल्या असतात.