शिरामिझुंच्या कडक शेवया

जपानातल्या हाकाता स्टेशनात शिरामिझुंना न ओळखणारा माणूस शोधायचा म्हटलं, तर फार लांब जावं लागत नाही. रोज एवढी माणसं ये-जा करतात. त्यांतल्या एखाद्याची टाच निघाली किंवा किल्ली हरवली, तरच तो जिन्याखालच्या त्यांच्या हातभर दुकानापुढे येऊन उभा राहतो. तेव्हाही तो बघतो बुटाकडे, शिरामिझुंकडे नाही.

शिरामिझुंना त्याचं काही वाटत नसे. कारण रोज दुपारी ते समोरच्या रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या शेवयांच्या, दुकानाचा कापडी पडदा डोक्यानंच सारून आत शिरत, आणि त्यांचं बूड स्टुलाला टेकायच्या आत ताइशो ओरडत, "कडक!"

विचारणं नाही, सांगणं नाही. ताइशो म्हणजे दुकानाचे मालक. त्यांना नाव होतं, पण त्याची कधी कोणाला गरज पडली नव्हती. इतर गिऱ्हाइकांना ते विचारत, "शेवया कशा?" कोणी म्हणे कडक, कोणी म्हणे फार कडक, आणि अंगात जरा रग जास्त असलेला म्हणे 'तार'. म्हणजे शेवयांनी उकळत्या पाण्याचं नुसतं दर्शन घेऊन परत यायचं. 'मऊ' असाही एक प्रकार आहे. तो तोक्योचे लोक मागतात आणि लहान मुलं. हाकात्यात जन्मलेला पुरुष चारचौघांत 'मऊ' म्हणण्यापेक्षा उपाशी परत जाईल.

शिरामिझु जन्माचे कडकवाले. मधे त्यांच्या खालच्या दाढा गेल्या आणि कवळी आली. ही गोष्ट फक्त बायकोला, फुसाएबाईंना, ठाऊक होती. तीसुद्धा कवळी रात्री मोरीतल्या पेल्यात असते म्हणून. घरी शिरामिझुंना लोणच्याचा मुळा चावत नसे. पण ताइशोंच्या शेवया मात्र पूर्वीसारख्याच सुर्रकन जात.

"कवळीनं कडक खाणारा सगळ्या हाकात्यात मी एकटाच असेन," ते म्हणत.

"मग माझ्याच मुळ्यानं काय घोडं मारलंय?" फुसाएबाई विचारत.

असं सगळं छान चाललं होतं, आणि वसंतात सुगितानी आला.

सुगितानी ओसाकाचा. स्टेशनातल्या मेंताइकोच्या, म्हणजे तिखटात मुरवलेल्या माशाच्या अंड्यांच्या दुकानावर मॅनेजर म्हणून बदलून आलेला. चाळिशीचा, केस दाट, आवाज फलाटावरच्या भोंग्याएवढा, आणि दात असे की हसला की बत्तीसच्या बत्तीस हजेरी लावत. आठवड्याभरात तो ताइशोंच्या गळ्यातला ताईत झाला. महिन्याभरात तो पडद्याआड दिसला रे दिसला की ताइशो ओरडू लागले, "कडक!"

शिरामिझुंच्या घशात शेवई अडकली.

त्यांना जे मिळवायला अर्धं आयुष्य लागलं, ते या बाहेरगावच्या माणसाला महिन्यात? तेही मेंताइकोची पाकिटं वाटून? त्या दिवसापासून शिरामिझु आपला वाडगा कमी आणि सुगितानीचा जास्त बघू लागले. मांसाची चकती त्याच्याकडे जाड वाटे. काळ्या अळंबीच्या पट्ट्या तर त्याच्या वाडग्यात ढीगभर, आणि आपल्यात शोधून काढायच्या. ताइशो त्याच्या विनोदावर हसत. आपल्याशी ते इतक्या वर्षांत कधी हसल्याचं शिरामिझुंना आठवेना. अर्थात शिरामिझुंनी इतक्या वर्षांत विनोदही केला नव्हता, पण ते त्यांना सुचलं नाही.

"त्याच्या वाडग्यात अळंबी जास्त असते," त्यांनी एका संध्याकाळी घरी सांगितलं.

फुसाएबाई भात वाढत होत्या. "अहो, तुम्ही त्या ताइशोशीच लग्न करायचं होतंत. मी शेजारणीकडे बसून आले तर कधी विचारलंत, काय खाल्लंस म्हणून?"

"तुला कळायचं नाही."

"नाहीच कळत. सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. हाडांच्या रश्शाला मी काय करू?"

शेवटी व्हायचं ते उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका दुपारी झालं. दुकानाबाहेर बॅगा घेऊन रांग लागली होती. शिरामिझु आणि सुगितानी नेमके शेजारी. ताइशोंनी दोघांचे वाडगे एकदमच पुढे ठेवले, आणि तेवढ्यात सुगितानीचा फोन वाजला.

"आलोच हं, आजोबा. माझ्या वाडग्यावर लक्ष ठेवा," असं म्हणून तो पडद्याबाहेर गेला.

आजोबा! शिरामिझुंनी लक्ष ठेवलं. अळंबी त्याच्याकडेच जास्त होती, यात आता तिळमात्र शंका नव्हती. ताइशोंची पाठ वळलेली. दोघंही कडकवाले, तेव्हा कोणाचं काही बिघडत नव्हतं. शिरामिझुंनी एका हातानं आपला वाडगा तिकडे सरकवला आणि दुसऱ्यानं त्याचा इकडे ओढला.

आणि पहिला घास घेतला.

शेवया चावेनात. आधी त्यांना वाटलं, घास मोठा झाला. मग कवळीच जागची उठली. त्यांनी तोंडावर रुमाल धरून ती जिभेनं कशीबशी बसवली. शेवया या गालातून त्या गालात फिरत राहिल्या, तारेच्या गुंडाळीसारख्या. कडक ते हे होतं. मग इतकी वर्षं आपण जे खात होतो ते काय होतं?

सुगितानी परत आला, काड्या उचलल्या, भुरका मारला आणि थांबला.

"ताइशो! आज हे काय? शेवया की पेज? अहो, दात नसलेल्या माणसाचं जेवण आहे हे!"

रांगेतली माणसं हसली. शिरामिझुंचे कान तापले. ताइशो वळले. त्यांनी सुगितानीपुढचा वाडगा पाहिला, मग शिरामिझुंपुढचा, आणि मग रुमाल. रस्सा पातळ म्हणणाऱ्याला अर्ध्या जेवणावरून उठवणारा हा माणूस. त्यानं नुसतं म्हणायचं होतं, तो वाडगा तुझा नाही. मग ओसाकाच्या त्या भोंग्यातून संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टेशनाला कळलं असतं की शिरामिझु लहान मुलांचं खातात. वर चोरून.

"चुकलं माझं," ताइशो म्हणाले. "शेवयांची जाळी पाण्यात जास्त वेळ राहिली."

हे वाक्य त्या दुकानात आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"शिरामिझुसान, तुमचाही आणा इकडे. त्याच पाण्यातला आहे." त्यांनी दोन्ही वाडगे उचलले, नव्या शेवया दोन जाळ्यांत टाकल्या आणि नेहमीच्या आवाजात ओरडले, "कडक! दोन!"

इतकी वर्षं शिरामिझुंनी ती आरोळी फक्त ऐकली होती. आज त्यांनी जाळ्यांकडे पाहिलं. एक लगेच वर आली, झटकली गेली, सुगितानीच्या वाडग्यात पडली. दुसरी पाण्यातच होती. ताइशोंनी फळी पुसली. कांद्याची पात भुरभुरली. रांगेतल्या एका बाईंना, बॅग वाटेतून काढा, म्हणून सांगितलं. मग सवडीनं दुसरी जाळी वर काढली.

शिरामिझुंनी शेवया भुरकल्या. सुर्रकन गेल्या. ते मान खाली घालून वाडगा तळापर्यंत प्यायले. उठताना काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण ताइशो तेवढ्यात पुढच्या माणसाला विचारत होते, "शेवया कशा?"

त्या संध्याकाळी त्यांनी फुसाएबाईंचा मुळा बारीक चिरून मागितला. बाईंनी वर पाहिलं, पण चिरून दिला.

मत्सर गेला असं कोणाला वाटत असेल, तर त्यानं शिरामिझुंना ओळखलेलं नाही. तो फक्त अळंबीवरून उठून जाळीवर जाऊन बसला. थंडी पडली तशी सुगितानीची अक्कलदाढ सुजली. गालाला फडकं बांधून तो दुकानात आला.

"कडक!" ताइशो ओरडले.

शिरामिझुंनी काड्या खाली ठेवल्या. त्यांची नजर जाळीवर खिळली. वाफेत ताइशोंचा हात दिसत नव्हता.

जाळी लगेच वर आली.

सुगितानीनं पहिला घास घेतला आणि गाल धरला. शिरामिझुंनी लाल आल्याचा डबा आपणहून त्याच्याकडे सरकवला.

"खा, खा," ते म्हणाले. "कडक आहेत."