अपेंडिक्स म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं अंग बाहेर येऊ लागलं. सहा वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. शेवटी गंगापूर रोडच्या डॉक्टरबाईंकडे एकटीच गेले. त्यांनी दोन ऑपरेशनं समजावली: गर्भपिशवी खालूनच काढून सैल पडलेला भाग शिवायचा, किंवा पिशवी ठेवून ती टाक्यांनी वर बांधायची. मी पहिलं निवडलं.

"कुठलंही करा, तीन महिने दोन किलोच्या वर उचलायचं नाही. टाके सुटले तर पुन्हा तेच," त्या म्हणाल्या.

ह्यांना मी खरं सांगितलं. घरी मात्र अपेंडिक्स म्हणून सांगायचं, असं ह्यांनी ठरवलं. ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा सासूबाई माझ्यापुढे बादली ठेवून म्हणाल्या, "अपेंडिक्सचं एवढं काय गं? माझा भाऊ आठव्या दिवशी सायकलवर होता!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पेपर आणखी वर धरला.

मग मी लिटरभराच्या तांब्याने पाणी आत नेऊ लागले. एका बादलीला पंधरा खेपा व्हायच्या आणि पिंपाला साठ.

"हिला वेड लागलंय," सासूबाई म्हणाल्या.

तीन महिने पुरे होईपर्यंत मी असंच पाणी भरलं. टाके टिकले. तांब्याने का भरतेस, हे घरात कोणी विचारलं नाही.