आत्याच्या पहिल्या दहा लढती

माझी आत्या दात करते. म्हणजे कवळ्या करते. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे, तिथे ती चाळीस वर्षं बसलेली आहे. डॉक्टर पुढे पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि मागे पाठवून देतात. आत्या त्यावरून प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात लावून बघते, मग कवळी घडवते, घासते, चकाकवते. कवळी पुढे जाते. पेशंट आरशात हसून बघतो आणि डॉक्टरांचे आभार मानतो. आत्याचे आभार गेल्या वर्षापर्यंत कुणी मानल्याचं मला आठवत नाही, आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. कवळी घातल्याचं चारचौघांना कळलं तर ती कवळी फसली, असं तिचं साधं म्हणणं.

तिला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी हाक मारली की ती गोंधळून बघत राहते; तो हसला की मग म्हणते, "अरे, तू होय." माझ्या लग्नात तिने नव्या सुनेला जवळ बोलावून पहिला प्रश्न विचारला तो अक्कलदाढेबद्दल. बायकोने अजून तो विसरलेला नाही.

त्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. अशा कपाटाच्या दाराला आतून लोक आरसा लावतात. आत्याने तिथे मिश्र मार्शल आर्ट्सच्या आजवरच्या तिच्या सर्वांत आवडत्या दहा लढतींची यादी चिकटवली आहे.

हे खूळ सात वर्षांपूर्वी लागलं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा रिमोट हरवला आणि आठ दिवस टीव्ही खेळांच्या एकाच चॅनेलवर अडकून राहिला. आत्या हातात अर्धी कवळी घेऊन डॉक्टरांना काहीतरी विचारायला आली आणि पाऊण तास तिथेच उभी राहिली. पिंजऱ्यात दोन उघडेबंब गडी एकमेकांना तुडवत होते. एकाला जबड्यावर असा ठोसा बसला की दात वाचवायला घातलेलं त्याचं माउथगार्ड उडून बाहेर पडलं. पेशंट शहारले. आत्या म्हणाली, "हे कुणी केलंय? माप चुकलंय त्याचं."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती आमच्याकडे येते, कारण आमचा टीव्ही मोठा आहे. मला रक्त बघवत नाही. मी वर्तमानपत्र उभं धरून त्याच्या आड बसतो आणि आत्या मला सगळं सांगते, म्हणजे लपण्याचाही काही उपयोग होत नाही. तिला लढवय्यांची नावं माहीत नाहीत, ते कुठल्या देशाचे आणि पट्टा कुणाकडे, याच्याशीही तिला कर्तव्य नाही. तिच्या यादीत 'टकल्या विरुद्ध फटवाला', 'दुहेरी सुळा विरुद्ध रडका', 'पुढचा जबडा विरुद्ध मागचा जबडा' अशा नोंदी आहेत. यादीला तीन रकाने: क्रमांक, लढत आणि पडलेले दात. जिंकलं कोण, हा रकानाच नाही. मी एकदा तिला म्हटलं, अगं, निकाल तरी लिही. ती म्हणाली, तो टीव्हीवाले सांगतातच की.

पहिला क्रमांक सुरुवातीपासून हलला नव्हता. टकल्या विरुद्ध फटवाला. तिसऱ्या फेरीत फटवाल्याचं माउथगार्ड पडलं. रेफरीच्या ते लक्षातही आलं नव्हतं. टकल्याचा हात वर गेलेला, समोर उघडं तोंड, एक ठोसा की खेळ खलास. आणि टकल्या आपणहून दोन पावलं मागे सरला आणि हातमोज्याने जमिनीकडे बोट दाखवलं. फटवाल्याने गार्ड उचललं, धुऊन घातलं, दोघांनी हातमोजे टेकवले आणि मग पुन्हा एकमेकांचा भुगा पाडला. आत्याने ही लढत शंभर वेळा तरी पाहिली असेल, आणि दर वेळी त्या दोन पावलांना ती डोळे पुसते. पडलेले दात: शून्य.

तर अशा या आत्याकडे गेल्या वर्षी फलाटवाली आली.

फलाटवालीला गावात सगळे ओळखतात, आवाजाने. बसस्थानकावर "फलाट क्रमांक तीनवरील प्रवाशांनी" असं जे स्वच्छ, खणखणीत ऐकू येतं, ती ही. सव्वीस वर्षांची, अंगाने काटक. टायरच्या दुकानामागच्या व्यायामशाळेत दोन वर्षं ती गुपचूप लढायला शिकत होती. आता तिची पहिली लढत ठरली होती, नगरपालिकेच्या सभागृहात, रविवारी दुपारी चार वाजता, आणि गुपित आईला कळलं होतं. आई तिला दंडाला धरूनच दवाखान्यात घेऊन आली.

आईचं म्हणणं सरळ होतं. मुलीची नोकरी तिच्या तोंडात आहे. पुढचा एक दात गेला की शब्दांतून हवा जाणार, आणि बोबड्या आवाजात गाड्या पुकारणारी बाई स्थानकावर कोण ठेवून घेईल? मुलीचं म्हणणंही सरळ होतं: मी लढणार. डॉक्टरांनी हात वर केले आणि दोघींना मागच्या खोलीत पाठवलं, कारण लढतींचं वेड कुणाला आहे हे त्यांना ठाऊक होतं.

आई आत्याला म्हणाली, "ताई, तुम्ही माउथगार्ड करा. हिचा एकही दात जाणार नाही, असा शब्द तुम्ही देत असाल तर मी हो म्हणते. नाहीतर नाही."

आत्याने चाळीस वर्षांत साध्या कवळीचीही कधी खात्री दिली नव्हती. ती फलाटवालीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दिला शब्द."

पुढचे अकरा दिवस तिने मला खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. रविवारी सकाळी टीव्ही बघायलाही आली नाही. शनिवारी फलाटवाली येऊन गार्ड घालून बघून गेली. किंचित सैल वाटतंय का, असं तिने विचारलं म्हणे. आत्याने तिला समजावलं की घट्ट बसलेली वस्तू माणूस दोन दिवसांत काढून डबीत टाकतो, हा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

सभागृहात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. आत्या मध्ये, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला फलाटवालीची आई, डोळे गच्च मिटून. समोर जी उभी होती ती बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायची. खांदे बघूनच मला पाणी प्यावंसं वाटलं. तिने ओठ घट्ट मिटलेले, तरी फटीतून काळ्या गार्डची कड दिसत होती. आमची फलाटवाली मात्र लोकांकडे बघून हसत होती, आणि तिच्या तोंडात नुसते पांढरेशुभ्र दात.

मी आत्याच्या कानाशी लागून म्हटलं, अगं, तिने गार्ड घातलंच नाहीये.

"घातलंय," आत्या म्हणाली.

"दिसत नाही."

"दिसायला कशाला हवं?"

मग ती मोठ्या समाधानाने मला सांगायला लागली. ती काळी-निळी गार्डं किती ओंगळ दिसतात, तोंडात डांबर भरल्यासारखी. पोरगी चारचौघांत उभी राहणार, तर तिला शोभेल असं नको का? म्हणून आत्याने वरून पांढरा थर दिला होता, दात कोरले होते, हिरड्यांना गुलाबी रंग दिला होता, डाव्या सुळ्याचा किंचित तिरकेपणासुद्धा सोडला नव्हता. मी कपाळाला हात लावला. बाईने कवळी केली होती. तेवढ्यात घंटा झाली.

पहिली फेरी दोघींनी एकमेकींचा अंदाज घेण्यात घालवली. दुसऱ्या फेरीत बर्फवालीचा उजवा हात आला. आवाज मला वर्तमानपत्राशिवाय ऐकावा लागला. फलाटवालीची मान फिरली, तोंड उघडलं, आणि गार्ड उडालं. दिव्यांच्या उजेडात ते एक गिरकी घेऊन पिंजऱ्याच्या मधोमध पडलं. वरची अख्खी बत्तिशी, गुलाबी हिरडीसकट.

मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "सगळेच गेले." आणि नेमकं तेव्हाच फलाटवालीच्या आईने डोळे उघडले.

ती किंचाळली नाही. तिने नुसतं आत्याचं मनगट धरलं. मी आत्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा.

पिंजऱ्यात रेफरी एक हात पुढे करून उभा राहिला होता. अशी वेळ आली तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसावं. बर्फवालीचा दुसरा ठोसा हवेत तसाच थांबला होता. तिने जमिनीवर पडलेल्या दातांकडे पाहिलं. एक पाऊल मागे सरली. मग दुसरं, तिसरं, पाठ जाळीला लागेपर्यंत. तिथे तिने दोन्ही हातमोजे आपल्या तोंडावर दाबून धरले.

फलाटवालीला काय गोंधळ झालाय हे कळेना. तिने वाकून गार्ड उचललं आणि बिचारी सगळ्यांकडे बघत राहिली.

आत्या उठली. घासण्याच्या यंत्राच्या आवाजापेक्षा मोठा आवाज तिने आयुष्यात काढला नव्हता. तो तिने आता काढला. "दात नाहीत ते. ते मी केलेत." आणि मग पिंजऱ्याकडे बघत म्हणाली, "हस ग, पोरी."

फलाटवाली हसली. सगळे दात होते. डावा सुळा किंचित तिरका.

त्यानंतर लोकांनी जो गलका केला, तो नगरपालिकेच्या सभागृहाने कुठल्याच सभेत ऐकला नसेल. आई रडत रडत आत्याच्या पाठीत गुद्दे घालत होती. मी खुर्चीवर चढून ओरडत होतो, हे मला मागाहून बायकोने सांगितलं. तिला ते शेजारणीने सांगितलं होतं.

गार्ड धुऊन पुन्हा आत गेलं. दोघींनी हातमोजे टेकवले. उरलेल्या वेळात बर्फवालीने तोंडावर एकही ठोसा मारला नाही. नुसती कमरेला धरायची आणि लादी ठेवावी तशी खाली ठेवायची. गुणांवर तीच जिंकली, आणि ते रास्तच होतं. रेफरीने तिचा हात वर केला, फोटोवाला तिला हसा, हसा म्हणत राहिला. तिने ओठ मिटलेलेच ठेवले.

गाडीत मी फुशारलो होतो. आत्याला म्हटलं, तुझा पहिला क्रमांक तुझ्या डोळ्यांदेखत घडला, आता यादी बदल. ती खिडकीबाहेर बघत होती.

"कसली यादी," ती म्हणाली. "सैल केलं मी. शोभेच्या नादात कवळी करून बसले. तो दुसरा ठोसा आला असता तर? त्या बाईंना मी शब्द दिला होता."

मी आत्याला ओशाळलेली कधी पाहिली नव्हती. मग ती आपणहून म्हणाली, "जिंकून हसली नाही ती."

सोमवारी बसस्थानकावर फलाट क्रमांक तीन नेहमीसारखाच खणखणीत ऐकू आला. आत्याने त्या आठवड्यात फलाटवालीला नवं गार्ड करून दिलं. काळं आणि घट्ट.

बुधवारी मी आत्याचा विसरलेला चष्मा द्यायला दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा मागच्या दारातून बर्फवाली आली. दारात एवढी मोठी बाई उभी राहिली की खोलीतला उजेड कमी झाला. आत्याने तिला अर्थातच ओळखलं नाही. मी कानात सांगितलं.

बर्फवालीने तोंडापुढे हात धरला आणि विचारलं, "ते दात तुम्हीच केले होते ना?"

आत्याला वाटलं, ही भांडायला आली आहे. ती माफी मागू लागली. बर्फवालीने मान हलवली आणि तोंडापुढचा हात खाली घेतला. वरचे समोरचे दोन दात नव्हते. तीन वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्याच लढतीत गेले होते. तेव्हा समोरची थांबली नव्हती, रेफरीही नाही. "मला खाली पडलेले दिसत होते," ती म्हणाली, "आणि ती मारतच होती." परवा समोर अख्खी रांग पडलेली बघून तिचे हात गळाले होते. मग हे दात केलेले आहेत असं कळलं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच घोळत होतं.

"तसे मला होतील? लढताना नकोत. एरवी घालायला."

आत्याने स्टूल पुढे ओढलं. "बस. आ कर."

ती बराच वेळ आत बघत राहिली. मग तिने पुढे जाऊन डॉक्टरांनाच मागे बोलावून आणलं, माप इथेच घ्या म्हणून. चाळीस वर्षांत डॉक्टर त्या खोलीत पहिल्यांदाच आले, आणि स्टुलाला अडखळले.

दात तयार झाले त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. आत्याने ते बसवले आणि बर्फवालीला दाखवायला आरशासाठी कपाटाचं दार उघडलं, तर तिथे आरसा कुठला, यादी. तेव्हा तिने स्टीलचा ट्रे पालथा करून पुढे धरला. बर्फवालीने त्यात पाहिलं, आणि हसली. अगदी सगळं तोंड उघडून हसली, आणि हसता हसता आत्याचे दोन्ही हात धरून थँक्यू म्हणाली. आत्याला यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं. तिने ट्रे पुसायला घेतला.

ती गेल्यावर मी यादीकडे पाहिलं. सगळ्या लढती एकेक पायरी खाली सरकवल्या होत्या, दहावी बिचारी कागदाबाहेर पडली होती, आणि वर निळ्या शाईने लिहिलं होतं: फलाटवाली विरुद्ध बर्फवाली. तिसऱ्या रकान्यात जागा पुरली नव्हती, म्हणून अक्षर बारीक केलं होतं. पडलेले दात: शून्य. बसवलेले: दोन.