सुजेचा गूळ

डॉक्टरबाईंनी माझ्या दीपकच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, कणकेच्या गोळ्यात बोट रुतावं तसा. त्यांनी दुसरा पाय दाबला. तिथेही तेच.

"बेन, आ वजन नथी. आ तो पाणी छे," त्या म्हणाल्या.

मी वाद घातला. म्हटलं, वजन वाढलंय त्याचं, गेल्याच आठवड्यात आम्ही गल्लीत गूळ वाटलाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि केसपेपरवर एक लांबलचक शब्द लिहिला. क्वाशिओरकॉर. पोट कसंबसं भरतं, पण दूध, डाळ, अंडं असं अंग बांधणारं काही मिळत नाही, तेव्हा लेकराच्या अंगात पाणी साचतं. त्या सुजेला इडीमा म्हणतात. वरून मूल गुटगुटीत दिसतं आणि आतून वाळत जातं.

ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

आम्ही धुळ्याकडचे. आमचे हे सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कामाला, नवागामला भाड्याची खोली, सासूबाई आमच्याजवळ. त्यांना मी माय म्हणते. दीपक रांगायला लागला तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. माझी ओकारी ऐकली आणि मायने त्याला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

"आते नको पाजू. ते दूध पोटमाना पोऱ्यानं शे," ती म्हणाली. असं दूध अंगावरच्या मुलाला बाधतं हे आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानत होते, माझ्या आईनेही तेच केलेलं. छातीला कडुलिंबाचा पाला लावला. त्याने एकदा तोंड लावलं आणि असा रडला की अजून कानात आहे.

मग त्याला साबुदाण्याची पेज, पाणी घातलेलं दूध आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. डाळ द्यायची नाही, ती जड पडते. अंडं तर मायच्या चुलीवर चढणंच शक्य नव्हतं.

दोनेक महिने तो नुसता किरकिरला. नंतर हळूहळू भरायला लागला. गाल वर आले, हातापायांना वळ्या पडल्या, कमरेचा करगोटा रुतायला लागला. आमच्यात नातवाचा करगोटा घट्ट झाला की आजी नवा बांधते आणि शेजारी गूळ वाटते. माय दारोदार नातवाचं बाळसं सांगत सुटली, "देखा, मना नातूनी कसं बायसं धरं!"

आमचे हे तर त्याला कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर बसवून आले. वजन वाढलेलं पाहून त्यांची छाती फुगली. मायने लगेच मीठमिरच्या उतरून टाकल्या, नजर लागू नये म्हणून. नजर लागायची ती कधीच लागली होती, आमच्या अज्ञानाची.

एक गोष्ट मात्र मला डाचत होती. पोर हसत नव्हतं. खुळखुळा वाजवा, टाळ्या वाजवा, कशालाच नाही. केस तांबूस झाले, मांडीची कातडी पापुद्र्यासारखी सुटायला लागली. माय म्हणाली, उष्णता. एका सकाळी त्याचे डोळे सुजेने मिटूनच राहिले. मी भांडले, चांगली कडाकडा भांडले आणि त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन आले.

त्यांनी त्याला लगेच दाखल करून घेतलं. नाकातून नळी घातली. दूध थोडं थोडं, चमच्याने मोजल्यासारखं, दिवसरात्र. मायला ते बघवेना. भुकेल्या पोराला पोटभर द्या ना, म्हणून ती नर्सच्या मागे लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकदम दिलं तर त्याच्या हृदयाला पेलणार नाही, मूल जाईल. माय तिथेच खाली बसली.

शेजारच्या खाटेवर उधन्याहून आलेली मुलगी होती, अशीच सुजलेली. एका दुपारी तिची आई पाणी आणायला गेली आणि परत आली तेव्हा नर्स नळी काढत होती. त्या बाईने तांब्या खाली ठेवला नाही. तसाच हातात धरून उभी राहिली. मला वाटलं, उद्या मी.

दीपकचं रोज वजन करत. ते रोज उतरत होतं. आमचे हे पाळी संपवून येत, काट्याकडे बघत आणि बाहेर जात. शेवटी त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलंच, पोर संपत चाललंय का? त्या म्हणाल्या, "उतरू दे. पाणी जातंय. वजनाचं मी बघते, तुम्ही तो हसला की मला सांगा."

ते भिंतीला टेकले. कारखान्यात आलेले सुताचे कोन उतरवून घ्यायचं काम यांच्याकडेच. ओल धरलेलं सूत काट्यावर जास्त भरतं, म्हणून वजन करण्याआधी हे प्रत्येक कोन हाताने दाबून ओल ओळखतात. यांना फसवणारा व्यापारी अजून जन्मायचा होता.

"वल्लं सूत मी हातवर वयखस," ते म्हणाले. "मना पोऱ्या नही वयखता उना." लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

सूज पूर्ण उतरली तेव्हा खरा दीपक दिसला. बरगड्या, गुडघे आणि डोळे. नवा करगोटा कमरेवरून घसरून पडला. मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं. त्यानंतर काटा पुन्हा चढायला लागला, अगदी हळू. एका सकाळी मायने त्याच्यापुढे पदर झटकला आणि तो हसला. मी अनवाणीच डॉक्टरबाईंना सांगायला धावले.

दीपक वाचला. उंचीने कमी राहिला, वर्गात मागे पडतो. डॉक्टरबाईंचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोटात दुसरं असलं तरी आईचं दूध विष होत नाही, हे त्यांनीच सांगितलं. मायवरचा माझा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. पण दीपकसाठी अंडं उकडायला आमच्या चुलीवर भांडं पहिल्यांदा तिनेच ठेवलं, तोंड फिरवून.

पुढे मुलगी झाली. तिला मी भरपूर पाजलं. तिचा करगोटा रुतायला लागला तशा शेजारणी जमल्या, म्हणाल्या, आजी, गूळ कधी? मायने नातीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पावलावर अंगठा दाबून धरला. उचलला. खड्डा पडला नव्हता.

तरी तिने दुसरा पायही दाबून पाहिला आणि मगच नव्या करगोट्याची गाठ मारली.