हौसाचं लुगडं

मंचरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं एक काळी रेघ दाखवली. "फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर," ते म्हणाले. माझं तोंड बघून त्यांनी लगेच फोड करून सांगितलं. मांडीचं हाड कमरेच्या वाटीत बसतं, तिथला खुबा मोडलाय. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं आतून ठिसूळ झालीत. ऑपरेशन करून तिथं धातूचा गोळा बसवावा लागेल.

माझी बायको हौसा गोठ्यात शेण काढताना घसरली होती. म्हैस जरा अंगावर सरकली, एवढंच निमित्त. मी डॉक्टरांकडून बाहेर आलो तेव्हा ती स्ट्रेचरवर पडून होती. दुखण्यानं ओठ पांढरे पडलेले. मला म्हणाली, "अवं, म्हशीला पाणी दावलं का?"

मी एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झाल्यावर निरगुडसरला घरची थोडी शेती बघत होतो. सगळी नोकरी लोकांना 'पुढं सरका' म्हणण्यात गेली. घरात मात्र हौसा सांगायची आणि मी सरकायचो. आमचा संसार असा होता, आणि चांगला होता.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बाबा, माझं काम झालं, आता तुमचं सुरू. आजींना उभं करायचं आणि चालवायचं. या वयात माणूस खुबा मोडून जात नाही, पडून राहिल्यानं जातं." मी मान डोलावली. त्यात काय अवघड, असं वाटलं. जन्मभर ती कधी बसलेली मी पाहिलीच नव्हती.

पण घरी न्यायचं कसं? आमच्या घराला उंच पायऱ्या, संडास अंगणापलीकडे. मला एकट्याला ती उचलत नव्हती. मुलगा चिंचवडला कंपनीत, सूनही नोकरीला, घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तेव्हा मंचरच्या बाहेर रस्त्याला लागून एक नर्सिंग होम निघालं होतं. म्हातारी आजारी माणसं तिथं ठेवून घेत. मुलानं चौकशी केली आणि हौसाला तिथं नेलं. गावात कुजबुज झाली, 'कंडक्टरनं बायकू आश्रमात टाकली.' बोलणाऱ्याच्या तोंडाला कोण हात लावणार. मी रोज सकाळच्या गाडीनं जायचो आणि दिवस मावळताना परतायचो.

जागा वाईट नव्हती, हे आधी सांगतो. फरशी स्वच्छ, जेवण वेळेवर. तिथल्या मुख्य सिस्टर कडक होत्या, पण उलट्या काळजाच्या नव्हत्या. बायकांच्या खोलीत सहा खाटा होत्या. सगळ्या जणींना एकसारखे गाऊन, फुलाफुलांचे, पुढं बटणं असलेले. अंग पुसायला सोपे, बदलायला सोपे. म्हातारपण सगळं एका मापात शिवून टाकलेलं.

दुसऱ्याच दिवशी व्यायाम घ्यायला बाई आल्या. त्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतात, म्हणजे हातापायांना पुन्हा चालतं करणाऱ्या. त्यांनी वॉकर आणला. वॉकर म्हणजे चार पायांची हलकी चौकट, धरून चालायची. हौसानं वॉकर बघितला आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आज नगं," म्हणाली. उद्याही नको आणि परवाही नको.

आम्ही समजावलं, रागावलो, लाडीगोडी लावली. मी म्हणालो, "हौसे, म्हैस तुझी वाट बघती." ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. उन्हाळ्याचे दिवस, पंखा गरम वारा मारतोय, आणि ही चादर सोडेना. डोक्यावर टॉवेल घ्यायची. मला खाटेच्या एका ठरावीक बाजूला बसवायची, दाराकडे पाठ करून. डॉक्टर म्हणाले, हे डिप्रेशन आहे, म्हणजे मन खचलंय. गोळी सुरू झाली. गोळीनं ती जास्त झोपू लागली, बाकी फरक शून्य.

मग पाठीला, माकडहाडावर, लाल चट्टा दिसला. त्याला बेडसोअर म्हणतात. एकाच अंगावर पडून कातडी आतून सडायला लागते, ती जखम. सिस्टरनी मला ती दाखवली. डॉक्टरांचं वाक्य रोज कानात वाजायचं. ती माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि तिला जायचंच आहे, असं मला वाटू लागलं होतं. तिचा मला रागही येत होता, खोटं कशाला बोलू.

एक दिवस येडगावहून तिचा भाऊ बबन आला. पिशवीत घरची केळी आणि भाजलेल्या शेंगा. हौसाचा या भावावर फार जीव. दिवाळीला तो यायला उशीर झाला, तर दहा वेळा रस्त्यावर जाऊन बघायची. तो दारातून "आक्का" म्हणत आत आला, आणि हिनं चादर डोक्यावरून घेतली. तो उशाशी बसून बोलत राहिला. म्हशी, ऊस, धरणाचं पाणी, सगळं सांगून झालं. चादर हलली नाही. शेवटी केळी ठेवून, डोळे पुसत तो गेला.

मी चिडलो. "अगं, सख्खा भाऊ तो. त्याला तरी तोंड दाखवायचं."

चादरीच्या आतून हुंदका आला. "कसं दावू? भावानं मला बिनलुगड्याची पाह्यली. या झग्यात. तुमी समदे म्हनता उठ, चाल. अशी उघडी हिंडू व्हय मी गड्यामान्सांत?"

न्हाण आल्यापासून या बाईनं नऊवारी लुगड्याशिवाय काही नेसलं नव्हतं. कासोटा घालून तिनं बटाटे काढले, विहिरीत उतरली, पोरं वाढवली. डोक्यावरचा पदर माझ्यासमोरसुद्धा दिवसाउजेडी ढळला नव्हता. तिला आम्ही मोकळ्या पायांनी, उघड्या डोक्यानं वऱ्हांड्यात चालायला सांगत होतो. तिच्या लेखी आम्ही तिला उघडं करून बाजारात फिरवणार होतो. ती खचली नव्हती. ती लाजेनं मरत होती.

मी सिस्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, "बाबा, नऊ वार कापड पायात आलं आणि पुन्हा पडल्या तर? आणि घाईच्या वेळी एवढं सोडणार कोण?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी हौसाला जाऊन विचारलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जुना तोरा दिसला. "तिला म्हनावं, लुगडं सोडावं लागत न्हाई. आन् वर खोचलेला कासुटा कदी पायात येत न्हाई. झगा येतो." सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "चालणार असतील तर पैठणी नेसवा."

आता नेसवायचं कुणी? तिथल्या आयाबाया तरण्या, पाचवारी किंवा ड्रेस घालणाऱ्या. नऊवारी नेसलेली पाहिली होती, पण दुसरीला नेसवायची कशी हे एकीलाही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, मला सांग, मी नेसवतो. हौसा म्हणाली, "तुमी? तुमाला धोतराचा सोगा नीट येत न्हाई."

तरी तिनं पडल्या पडल्या शिकवलं. गाठ कुठं, निऱ्या किती, कासोटा मागं कसा खोचायचा. घरी आलो, दाराला कडी लावली आणि तिचं लुगडं मी स्वतःच्या अंगावर नेसून बघितलं. तीनदा सुटलं. शेजारच्या कुणी फटीतून पाहिलं असतं तर गावाला महिनाभर करमणूक झाली असती. चौथ्यांदा कासोटा बसला. अख्खा संसार झाला आणि बायको रोज पहाटे एवढा खटाटोप करते, हे मला त्या दिवशी कळलं. मी भिंतीला टेकून रडलो.

दुसऱ्या दिवशी खाटेभोवती पडदा ओढला. व्यायामाच्या बाईंनी तिला कडेला बसवलं. मी म्हणालो, "हौसे, नेसायचं तर उभं राहावं लागंल." तिनं वॉकर धरला. दात आवळले. आणि उभी राहिली. कितीतरी दिवस कुणाच्यानं झालं नव्हतं, ते तिनं लुगड्यासाठी केलं. मी निऱ्या घातल्या. ती वरून सूचना करत होती, "वाईच वर. आवळा की. जोर न्हाई का हातात?" पदर तिनं आपला आपण डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "सरा आता म्होरनं."

ती वऱ्हांड्यापर्यंत चालली. रोज चालू लागली. खांबापाशी बसून शेजारच्या म्हाताऱ्यांवर हुकूम सोडू लागली. बबन पुन्हा आला तेव्हा तिनं त्याला जवळ बसवून घेतलं, केळं सोलून दिलं आणि मागच्या वेळचं एक अक्षर काढलं नाही. मी बाहेर जाऊन चहा प्यालो. इतका गोड चहा पुन्हा मिळाला नाही.

पण उशीर झाला होता. बेडसोअर आतवर गेला होता, ताप येऊ लागला. मग न्यूमोनिया, म्हणजे छातीत पू-पाणी होऊन श्वास कोंडणं. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा सलाईन. बाहेरच्या बाकड्यावर मी आणि मुलगा बसून असायचो. एका सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हौसा गेली होती.

तुमच्या घरातलं कुणी अशा ठिकाणी ठेवायची वेळ आली, तर लाज बाळगू नका. कधी कधी दुसरा इलाज नसतो. गोळ्या, जेवण, स्वच्छता सगळे विचारतात, तेही विचारा. पण आपलं माणूस काय नेसतं, कशावर बसतं, कुणासमोर संकोचतं, हे आपण होऊन सांगा. ते स्वतः सांगणार नाही. त्या सिस्टरांचे मी आभार मानतो. नंतर मी हौसाच्या कपड्यांची पिशवी आणायला गेलो, तेव्हा खोलीतल्या दोन आज्या लुगड्यात होत्या.

आमच्याकडं बाईचं शेवटचं लुगडं माहेरचं असतं. बबननं हिरवंगार लुगडं आणलं. अंगणात बाया म्हणत होत्या, नशिबाची, अहेव गेली. नशीब कसलं, मी मनात म्हणालो. आंघोळ झाली. बायांनी लुगडं उलगडलं आणि नुसतंच अंगावरून लपेटू लागल्या.

"थांबा," मी म्हणालो. "सरा बाजूला. मी नेसवतो."

एक म्हातारी म्हणाली, "कंडक्टर, अवं, ही बायांची कामं हायती. आन् आता कासुटा कशाला?"

मी खाली बसलो. गाठ मारली, निऱ्या घातल्या. मुलगा आणि बबन तिला दोन्हीकडून धरून होते. या वेळी एकदाही सुटलं नाही. कासोटा मागं घट्ट खोचला, पदर डोक्यावरून घेतला आणि नीट बघितलं. चुकलं असतं तर ती बोलली असती, म्हणून जरा वेळ थांबलो.

मग म्हणालो, "उचला आता."