दोन्ही बाजूंची चादर

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतल्या सदोष चादरी सायकलवर लादून एक म्हातारा आमच्या गल्लीत येतो. नाव मी कधी विचारलं नाही. चादर उलगडली की तो डोळे मिटून तिच्यावर तळवा फिरवतो, दोष सापडला की तिथे बोट ठेवतो आणि मगच भाव सांगतो.

लग्नानंतर आम्हाला एका खोलीच्या दोन करायच्या होत्या. भिंत परवडणारी नव्हती, म्हणून पडदा ठरला. आईला लाल हवा होता, बायकोला निळा. दोन दिवस दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

चादरवाल्या म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं, एक चादर काढली आणि उलटून दाखवली. एका बाजूला लालावर निळे मोर, दुसऱ्या बाजूला निळ्यावर लाल.

“रंग जिचा तिला,” तो म्हणाला. मग तळवा फिरवून तुटलेल्या धाग्यावर बोट ठेवलं. “दोस तेवडा दोगींचा हाय. हितनं बी दिसतो, तितनं बी.”

परवा कामावरून आलो, तर दोघी पडद्याच्या दोन बाजूंना बसून तो धागा रफू करत होत्या. आई सुई पलीकडे ढकलायची, बायको ओढून परत पाठवायची. मी चहा मागितला. दोन्ही खोल्यांतून एकाच वेळी उत्तर आलं, “नंतर.”